शेजारच्या ओळीतला आकडा

आईने व्हॉट्सअ‍ॅपवर नोटिशीचा फोटो पाठवला, त्यात तिचा अर्धा अंगठा आला होता. अंगठ्याच्या शेजारी आकडा दिसत होता : ६,९१२. खाली मेसेज, "एवढी कशी गं आली घरपट्टी?" गेल्या वर्षीपर्यंत आम्ही १,८४० रुपये भरत होतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायचे मला पैसे मिळतात. त्यामुळे नोटीस बघून राग आला त्यापेक्षा हुरूपच जास्त आला, हे आधीच कबूल करते. शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली.

आमचं गाव मराठवाड्यातलं, तालुक्याचं. नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. नगरपरिषदेने दर चार वर्षांनी घरांची फेरआकारणी करायची असते. आमच्याकडे ती बरीच वर्षं रखडली होती. या वेळी काम एका एजन्सीला दिलं होतं. वरून ड्रोन फिरला, खाली टॅब घेतलेली दोन पोरं फिरली. आई दुपारची झोपली होती, त्यांनी बाहेरूनच अंदाज घेतला आणि गेले. नोटिशीत लिहिलं होतं : ९६ चौरस मीटर, आरसीसी बांधकाम.

मी टेप घेऊन घर मोजलं. मूळ घर ६२ मीटर, विटांच्या भिंतींवर स्लॅब, म्हणजे लोडबेअरिंग. पुढे पत्र्याची पडवी, २० मीटर. राहिले १४. ते कुठून आले हे कळेना. मग मागच्या अंगणात उभी राहिले आणि वर बघितलं. आईने उन्हाळ्यात कोथिंबिरीच्या वाफ्यावर हिरवं शेडनेट बांधलं होतं. आकाशातून ते ड्रोनला छत वाटलं होतं.

"आणि वरची खोली?" आईने विचारलं.

वरची खोली मी विसरलेच होते. बाबा असताना त्यांनी गच्चीवर एक खोली चढवली, परवानगी वगैरे काही न काढता. आता तिथे आयटीआयला शिकणारा एक मुलगा राहतो, बाराशे रुपये देतो. ती खोली १४ मीटरची. नोटिशीत तिचा पत्ताच नव्हता. म्हणजे जे नव्हतं ते १४ मीटर धरलं होतं आणि जे होतं ते १४ मीटर सुटलं होतं.

"मग फिटलं की," आई म्हणाली.

फिटलं नव्हतं. कारण खरा घोळ दरात होता.

घरपट्टी कशी लागते हे मला तोवर माहीत नव्हतं, आणि माझ्या वयाच्या बहुतेकांना नसेल. नगरपरिषदेत साधारण असं होतं : तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, ते ठरवायचं. त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे. उरलं ते करयोग्य मूल्य. त्यावर टक्केवारीने कर, आणि त्यामागे शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन कर अशी शेपटं. आमच्या भागात वर्षाचा दर आरसीसीला मीटरमागे ३००, लोडबेअरिंगला २००, पत्र्याला १०० धरला होता. सगळं ९६ मीटर आरसीसी धरलं की ६,९१२ होतात. ६२ लोडबेअरिंग आणि २० पत्रा धरला की बरोब्बर निम्मे, ३,४५६.

यातली गंमत अशी की हे भाडं कुणीच कुणाला देत नाही. आई त्या घरात तीस वर्षं राहते आहे आणि कायद्याच्या नजरेत ती स्वतःचीच भाडेकरू आहे. हे काल्पनिक भाडं किती धरावं यावर लोक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आहेत. १९७९ साली दिवाण दौलतराय कपूर खटल्यात न्यायालयाने सांगितलं की, भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे जेवढं प्रमाण भाडं घेता येतं, त्याच्या वर हे मूल्य नेता येणार नाही. मुंबईने पुढे ही भाड्याची पद्धतच सोडली, २०१० पासून ती भांडवली मूल्यावर गेली. तिथेही नियमांवरून भांडण झालं आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातले काही नियम रद्द ठरवले. थोडक्यात, घरावरचा कर हा कुठेच सरळ आकडा नसतो. कुणीतरी केलेला अंदाज असतो. म्हणून तर कायद्याने तीस दिवस दिलेत : अंदाज चुकला असेल तर येऊन सांगा. त्याला हरकत म्हणतात.

सोमवारी मी नगरपरिषदेत गेले. आकारणीची यादी तिथे बघायला ठेवलेली असते, पैसे लागत नाहीत. कर विभागातल्या बाईंनी न बोलता चार जाड बाडं समोर ढकलली. आमच्या वॉर्डाचं बाड उघडलं, आमची ओळ सापडली, फोटो काढला. आणि मग माझी नजर आपोआप खालच्या ओळीवर गेली.

शेजारच्या काकू. ४८ मीटर, लोडबेअरिंग, निवासी. २,३०४ रुपये.

काकूंचं घर आमच्यापेक्षा मोठं आहे, हे सांगायला ड्रोन लागत नाही. शिवाय पुढच्या दोन खोल्यांत त्यांची खानावळ चालते. काका गेल्यानंतर त्यांनी सुरू केली, आज पन्नास-साठ डबे जातात. म्हणजे निम्मं घर बिगरनिवासी आहे, त्याचा दर वेगळा. वर त्याला रोजगार हमी करही लागतो. (दोन बायकांना पोळ्या लाटायचं काम देणाऱ्या बाईने रोजगार हमी कर भरायचा, हा विनोद मला त्या दिवशी सुचला नाही. नंतर सुचला.) त्या दिवशी मला एवढंच दिसलं की माझ्याकडे पुरावा आहे. एकच गल्ली, एकाच काळातली घरं, दोन मोजमापं. टेस्टिंगमध्ये याला सोनं म्हणतात.

संध्याकाळी अर्जाचा मसुदा आईला वाचून दाखवला. मुद्दा क्रमांक ४ : 'लगतच्या मालमत्तेची आकारणी पाहता आमच्यावर झालेला अन्याय स्पष्ट होतो.' पुढे काकूंचा मालमत्ता क्रमांक.

आई गवार निवडत होती. म्हणाली, "तिचं कशाला लिहिलंस?"

"आई, हाच सगळ्यात भक्कम मुद्दा आहे."

"तिचं वाढवतील."

"वाढू दे की. खरं तेच आहे."

"मग आपल्या वरच्या खोलीचं पण खरंच आहे. ते कुठल्या मुद्द्यात लिहिलंयस?"

ते कुठल्याच मुद्द्यात नव्हतं. माझं म्हणणं असं की हरकत म्हणजे आपल्यावर झालेली चूक दाखवणं. आपल्या फायद्याची चूक शोधणं हे त्यांचं काम. वकीलही हेच सांगेल. पण मग काकूंच्या फायद्याची चूक शोधणं हे तरी माझं काम कसं झालं? त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. झोप लागली. पण सकाळी तो मुद्दा तिथेच होता.

तुलना करून न्याय मागणं ही आपल्याला इतकी सहज गोष्ट वाटते, कारण लहानपणापासून आपण तेच केलेलं असतं. तिला जास्त दिलं, मला कमी. आई त्यावर कधी मला जास्त देत असे, कधी तिच्यातलं काढून घेत असे, आणि दोन्ही वेळा भांडण मिटत असे. इंग्रज तत्त्वज्ञ डेरेक पारफिटने १९९१ च्या एका व्याख्यानात या दुसऱ्या प्रकारावर बोट ठेवलं. काही लोक आंधळे आहेत आणि काही डोळस. डोळसांना आंधळं केलं तर समता येईल, पण त्याने कुणाचं भलं झालं? नुसती समता हीच आपल्याला हवी असेल तर या प्रश्नाला उत्तर देणं अवघड आहे. काकूंचं बिल वाढून माझं तेवढंच राहिलं असतं, तर? मी स्वतःला विचारलं आणि खरं उत्तर असं आलं की थोडं बरं वाटलं असतं. पैसा एक वाचला नसता, तरी बरं वाटलं असतं. हे न्यायाचं प्रेम नव्हे, त्याला मराठीत साधा शब्द आहे.

कायद्यालाही हा युक्तिवाद फारसा आवडत नाही. घटनेच्या चौदाव्या कलमात समता आहे, पण सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय की, दुसऱ्याला चुकीने मिळालेला फायदा मला समतेच्या नावावर मागता येत नाही. चूक दाखवली तर ती चूक दुरुस्त होईल. म्हणजे मुद्दा क्रमांक ४ ने माझा एक रुपया कमी झाला नसता. काकूंकडे मात्र कुणीतरी टेप घेऊन गेलं असतं.

याची दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. काकू कमी भरतात म्हणजे गाव तेवढं कमी घेतं. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात बंद झाली, तेव्हापासून आमच्यासारख्या गावाला स्वतःचं म्हणावं असं उत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांची भाडी. बाकी सगळं सरकारी अनुदानावर. गल्लीतली गटार तुंबली की काकूच पहिला फोन करतात. थोरोने अमेरिकेत गुलामगिरी आणि मेक्सिकोवरच्या युद्धाच्या निषेधात डोईपट्टी भरायचं नाकारलं, १८४६ मध्ये एक रात्र तुरुंगात काढली, हे आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण त्यानेच त्याच लेखात लिहिलंय की रस्त्यासाठीचा कर त्याने कधी चुकवला नाही, कारण त्याला चांगला शेजारी व्हायचं होतं. शेजारी म्हणून काकूंनी पूर्ण कर भरायला हवा, हे मला आजही पटतं. पण ते काकूंना सांगायची जागा त्यांचा ओटा आहे. माझ्या सवलतीच्या अर्जात ते लिहिणं म्हणजे नागरिक असल्याचं सोंग घेऊन चुगली करणं.

आणि माझा स्वतःचा इतिहास? पुण्यात मी ज्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहते, तिथली गोष्ट. पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीत ४० टक्के सवलत मिळते. १९७० पासूनची ती सवलत मध्यंतरी काढून घेतली होती, २०२३ मध्ये परत आली. आमच्या घरमालकांनी मला सांगून ठेवलंय, "कोणी सर्व्हेला आलं तर भाची आहे म्हण." मी लगेच हो म्हटलं. त्यात मला काही नैतिक प्रश्न दिसला नव्हता. भाडं दोन वर्षं वाढलेलं नाही.

मुद्दा क्रमांक ४ मी खोडला. खोडल्यावर वाटलं, चला, विषय संपला.

तो संपला नाही याचं कारण फोन. कार्यालयात मी घाईघाईत यादीच्या बऱ्याच पानांचे फोटो काढले होते, कमी आकारणीची आणखी उदाहरणं मिळतील म्हणून. आता ते डिलीट करायला बसले. एकेक फोटो सरकवताना नाल्यापलीकडच्या वस्तीचं पान आलं. तिथे कोण राहतं हे गावात सगळ्यांना माहीत आहे : हमाल, वीटभट्टीवर जाणारे, दोन-तीन घरं सफाई कामगारांची. घरं पत्र्याची, काहींच्या भिंतीही पत्र्याच्या. यादीत ओळीने लिहिलं होतं : आरसीसी, आरसीसी, आरसीसी. एका पानावर सदतीस घरं. पत्र्याच्या दराच्या तिप्पट.

हे पान माझ्या डोळ्यांसमोरून आधीही गेलं होतं. मीच तर फोटो काढला होता. पण मी यादीत माझ्यापेक्षा कमी भरणारे शोधत होते, म्हणून माझ्यासारखीच चूक ज्यांच्या वाट्याला आली ते मला दिसले नाहीत. तुलनेची ही खोड मला तोवर माहीत नव्हती. ती नेहमी एकाच दिशेने बघते.

घरपट्टीचं एक मोठं भांडण आपल्या देशात १८१० च्या अखेरीला बनारसमध्ये झालं. ईस्ट इंडिया कंपनीने घरांवर कर बसवला. लोकांनी दुकानं बंद केली, कामं सोडली आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत येऊन आठवडेच्या आठवडे बसून राहिले. धरमपाल यांनी १९७१ मध्ये ब्रिटिश दफ्तरातले कागद काढून हे पुस्तकात मांडलं. पुढे कंपनीने तो कर मागे घेतला. मला त्यातली भावलेली गोष्ट अशी की शेजाऱ्याचा आकडा तिथे कुणाच्या मागणीत नव्हता. हरकतीचा छापील अर्ज असं काही होऊच देत नाही. त्यात 'अर्जदाराचे नाव' अशी एकच रेघ असते. चूक सदतीस घरांची, पण ती दुरुस्त करायला सदतीस लोकांनी कामाचा खाडा करून, प्रत्येकी एक अर्ज लिहून, आवक विभागात शिक्का घ्यायला उभं राहायचं. माझ्या आईला पुण्याहून मुलगी येते. त्यांना कोण येणार?

मुदत संपायला सहा दिवस होते. मी रजा वाढवली. एक सोपा अर्ज तयार केला, नाव आणि क्रमांक भरायची जागा ठेवून. वरच्या खोलीतल्या मुलाला घेऊन वस्तीत गेले. आपण काहीतरी मोठं करतोय अशी भावना मनात होती, ती पहिल्याच दारात उतरली.

एक मावशी होत्या, भांडी घासत होत्या. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ताई, पावतीवर पक्कं घर आलंय ना आमचं? मग ते खोडू नका."

मला समजेना. पैसे जास्त जातील, मी म्हटलं.

"जाऊ द्या. उद्या उठवायला आले तर दाखवायला कागद पाहिजे. पत्र्याचं म्हटलं की झोपडी म्हणतात."

घरपट्टीच्या पावतीने मालकी सिद्ध होत नाही, न्यायालयांनी हे वेळोवेळी सांगितलेलं आहे. मी तसं मावशींना म्हटलंही. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं माझ्या आईने गवार निवडताना बघितलं होतं. ज्यांच्याकडे सातबारा नाही, खरेदीखत नाही, त्यांच्याकडे ही एक पावतीच असते. तिच्यावर जास्त आकडा असणं हे त्यांच्या हिशोबात नुकसान नव्हतंच, हप्ता होता.

तीन घरं सोडून एक मुलगी होती, माझ्याच वयाची, कडेवर बाळ. ती उलटं बोलली. "आरसीसी लिहिलं तर घरकुल मिळणार नाही आम्हाला." तिचं बरोबर होतं, पंतप्रधान आवास योजनेत कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर असलं की अपात्र. तिने अर्ज भरून घेतला, अंगठा नको म्हणाली, सही केली. दोन दारांतल्या दोन बायका, एकाच चुकीने एकीला वाचवलं होतं आणि दुसरीला बुडवलं होतं. मी दोघींचा मिळून एक अर्ज लिहू शकले नसते, रेघ कितीही लांब असती तरी. सदतीस घरांपैकी अकरांनी अर्ज दिले.

सुनावणी महिन्याभराने होती. मी पुन्हा गेले. नगररचना विभागाचे अधिकारी आले होते, बाहेर व्हरांड्यात गर्दी. निघताना काकूंनी डबा दिला. "तिथे दुपार होते बघ. पिठलं आहे, सांडू नको." मी डबा घेतला. काय बोलणार?

साहेब बरे होते. नकाशा बघितला, फोटो बघितले, शेडनेटचा फोटो बघून हसले. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "तुमच्या गल्लीत कुणाचं कमी लागलंय का? नंबर सांगा, ताडून बघू."

मी म्हटलं, "माहीत नाही."

ते खोटं होतं. डबा मांडीवर गरम लागत होता. या खोट्याचं समर्थन मी अजून शोधते आहे. 'सांगायचं नाही' असंही म्हणता आलं असतं, पण त्यानेही सांगितल्यासारखंच झालं असतं.

त्यांनी पुढचं विचारलं, "वरती काही बांधकाम?"

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "आहे की साहेब. एक खोली. पोरगं ठेवलंय शिकायला."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. साहेबांनी लिहून घेतलं. परवानगीबद्दल विचारलं, आईने नाही म्हणून सांगितलं, ते म्हणाले तो विषय बांधकाम विभागाचा. शास्ती लागेल की काय, ही धास्ती घेऊन आम्ही बाहेर पडलो. व्हरांड्यातच डबा खाल्ला. आईला विचारलं, काकूंना वाचवलंस आणि स्वतःचं सांगून टाकलंस, असं का? ती म्हणाली, "माझं माझ्या तोंडात आहे. तिचं तिच्या."

शास्ती अजून तरी लागलेली नाही. खोली धरून आमची घरपट्टी ४,१२८ झाली. अकरा अर्जांपैकी नऊ मंजूर झाले. दोघांना सुनावणीच्या दिवशी भट्टीवरून सुटी मिळाली नाही. ज्यांनी अर्जच दिला नव्हता त्यांच्या ओळीत आरसीसी तसंच राहिलं, मावशींच्याही.

अंतिम यादी लागली तेव्हा आईने फोटो पाठवले, या वेळी अंगठ्याशिवाय. मी ऑफिसात होते. वस्तीचं पान शेवटी होतं, आमची ओळ मध्ये कुठेतरी. मी दोन बोटांनी झूम करून सगळ्यात आधी काकूंचा आकडा शोधला. २,३०४ च होता.